स्टिकर ट्रेकचं, फ्रेम कुणाची?

प्रश्न : आप्पा, मी जुळे सोलापूरला राहतो. गेल्या महिन्यात जुन्या सामानवाल्याकडून साडेतीन हजारांत एक माउंटन बाईक घेतली. काळा रंग ब्रशनं मारल्यासारखा दिसतो. खालच्या नळीवर 'ट्रेक' या अमेरिकन कंपनीचं स्टिकर आहे, पण मित्र म्हणतात ही ट्रेक नव्हेच. फ्रेमला लोहचुंबक चिकटतं. चाकं २६ची, ब्रेक रबराचे, डिस्क नाही. मागच्या चाकाकडून वर येणाऱ्या दोन बारीक नळ्या सीटच्या नळीपाशी न थांबता पुढं जाऊन वरच्या नळीला जोडल्यात. क्रँक (पेडलचा दांडा) शिमानो या जपानी कंपनीचा, त्याच्या मागं 'एस सी' अशी दोन इंग्रजी अक्षरं आहेत. सीट सारखी खाली घसरते, म्हणून मिस्त्रीनं कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळून दिलाय. सायकल नेमकी कुठल्या कंपनीची? आणि तुळजापूरला जाऊन यायला चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमचे मित्र बरोबर बोलतायत. ते स्टिकर नखानं खरवडून बघा. रंगाच्या वर बसलेलं असणार. रंग ब्रशनं मारलेला आणि त्यावर स्टिकर कोरं करकरीत, म्हणजे ते कंपनीत लागलेलं नाही. असलं स्टिकर कापून देणारे आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. सायकल बघताना मी स्टिकर सगळ्यात शेवटी वाचतो.

तुम्ही नळ्यांचं नीट लिहिलंत, त्यामुळं निम्मं काम झालं. नेहमीच्या फ्रेमला दोन त्रिकोण असतात, पुढचा मोठा आणि मागचा बारका. मागून वर येणाऱ्या नळ्या सीटच्या नळीला येऊन संपतात. तुमच्या सायकलीत त्या सीटच्या नळीच्या दोन्ही अंगानं पुढं निघून वरच्या नळीला भिडल्यात, त्यामुळं तिथं तिसरा, तळहाताएवढा त्रिकोण तयार झालाय. याला 'ट्रिपल ट्रँगल' म्हणतात आणि ती जीटी कंपनीची ओळख. कॅलिफोर्नियात गॅरी टर्नर आणि रिचर्ड लाँग यांनी १९७९ मध्ये ही कंपनी काढली. जीटी ही टर्नर यांच्या नावाचीच अक्षरं. आधी पोरांच्या बीएमएक्स सायकली, मग माउंटन बाईक. ट्रेक कंपनी तिकडं विस्कॉन्सिनची, वॉटर्लू गावातली. त्यांची ही पद्धत नव्हे.

आता नळ्या पुढं गेल्यात म्हणून लगेच गल्लीत पेढे वाटू नका. आकार कुणीही उचलतो. दुसरा पुरावा पाहिजे. मागच्या चाकाचा एक्सल जिथं बसतो ती जाड पट्टी आहे ना, तिच्यावर दोन्ही बाजूंनी रंगाखाली काही अक्षरं उठलेली लागतात का, ते अंगठ्यानं चाचपा. मग सायकल उलटी करा. सीट आणि हँडलखाली जुनी चादर घाला, सोलापुरात चादरीला काय तोटा! क्रँक जिथं फिरतो त्या आडव्या नळकांड्याच्या पोटाखाली नंबर असतो. तिथं वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि माती घट्ट बसलेली असते. डिझेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं घासा. रंग जाड असेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवा. ग्राइंडर लावाल तर रंगासकट नंबरही जाईल. मग पांढरा खडू चोळा आणि वरवर पुसा. खडू खाचेत बसतो, आकडे उमटतात. त्याचा फोटो काढून ठेवा.

नुसत्या नंबरावरून कंपनी ठरते असं मात्र समजू नका. तैवानचे मोठे कारखाने एकाच छताखाली पाच नावांच्या फ्रेमा करत आलेत. १९७२ साली सुरू झालेल्या जायंटनं तर ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या श्विन कंपनीलाही सायकली बनवून दिल्या. म्हणून नंबर, नळ्यांची ठेवण आणि मापं तिन्ही जुळवायची.

'एस सी' वाचून मला फार बरं वाटलं, कारण तिकडं कुणी बघत नाही. शिमानो आपल्या बहुतेक मालावर अशी दोन अक्षरं ठोकायची. पहिलं अक्षर वर्षाचं. 'ए' म्हणजे १९७६, तिथून दरसाल एक अक्षर पुढं, 'झेड'ला २००१. दुसरं अक्षर महिन्याचं, 'ए' जानेवारी ते 'एल' डिसेंबर. म्हणजे तुमचा क्रँक मार्च १९९४ चा. फ्रेम तेवढीच जुनी असं यावरून म्हणता येत नाही, क्रँक कुणी नंतरही बसवला असेल. मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, आतल्या बाजूलाही अशी अक्षरं शोधा. तिथंही १९९३-९४ निघालं, तर माल मूळचा आहे असं धरा.

फ्रेमचं वय फ्रेमवरच बघायचं असेल तर मागच्या ब्रेकच्या वर बघा. दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर केबल अडकवायची बारीक कडी वेल्ड केलेली आहे का? असली, तर फ्रेम कँटिलिव्हर ब्रेकसाठी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या रबरी ब्रेकसाठी केलेली. ही कडी न लागणारा शिमानोचा व्ही-ब्रेक १९९६ मध्ये आला आणि हळूहळू ती कडी गेली. क्रँक बदलतो, वेल्ड केलेली कडी कोण बदलणार?

त्या डब्याच्या पत्र्यावर मात्र माझा राग आहे. सीट पाईपची मापं ०.२ मिलिमीटरच्या पायरीनं चढतात, २६.८, २७.०, २७.२ अशी. नजरेला सगळे सारखेच. कुणीतरी बारीक पाईप घातलाय, म्हणून सीट घसरते. पत्र्यानं दोन दिवस भागतं, मग बोल्ट आवळून आवळून नळीच्या वरच्या चिरेला तडा जातो. पाईप बाहेर काढा, खालच्या टोकाला त्याचं माप कोरलेलं असतं. मग व्हर्निअरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीनं, फ्रेमचं आतलं माप घ्या, पण तोंडाशी नको. तिथं नळी आवळून अंडाकार झालेली असते. बोटभर आत घ्या. मी गिरणीत फिटर होतो, त्यामुळं व्हर्निअर खिशात असतो. तुमच्याकडं नसेल तर कुठल्याही लेथवाल्याकडं मिळेल. हे माप कळलं की जीटीच्या त्या काळच्या कॅटलॉगाशी ताडून बघता येतं, आणि सीटही जागेवर राहते. एका दगडात दोन पक्षी.

आणखी दोन मापं ताडून बघा. पुढच्या चिमट्याचा दांडा त्या वर्षांत बहुधा एक इंच एक सूत, म्हणजे २८.६ मिलिमीटर. मागच्या एक्सलच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १३५ मिलिमीटर भरायला हवं. बीबी, म्हणजे क्रँकच्या नळकांड्यातलं बेअरिंग, काढायची वेळ आली तर मिस्त्रीला आधीच सांगा, चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो. सुलट समजून पाना मारणारे हात आपल्याकडं कमी नाहीत.

तुळजापूरचं म्हणाल तर नाव जीटी निघो की आणखी काही, घाटाला त्याचं काही नाही. जायच्या आधी हँडलच्या नळीखालचा जोड, बीबीच्या भोवतीचे जोड आणि एक्सलच्या पट्ट्या उन्हात धरून बघा. रंगात केसासारखी रेघ दिसली की रंग खरवडा. रेघ लोखंडातही उतरलेली असेल तर सायकल घरीच. सीट पाईप काढून फ्रेम उलटी धरा आणि पान्यानं टकटक करा. चार कण पडले तर काही नाही, पापुद्रे गळायला लागले तर आतून नळी खाल्लीय. हे सगळं ठीक निघालं आणि ब्रेकचे रबर नवे घातले, तर पहिल्यांदा हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन या. घाट चढताना नव्हे, उतरताना सायकल कळते. उन्हाळ्यात पहाटेच निघा.

प्रश्न : भावाला एक भारी सायकल स्वस्तात मिळतेय, पण खालचा नंबर घासून काढलेला आहे. घ्यावी का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : नको. गंजानं पुसट झालेला नंबर वेगळा, कानशीनं घासलेला वेगळा. कानशीच्या रेघा एकाच दिशेनं जातात, बघितल्या की समजतं. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, आधीच्या दंड संहितेत ते ४११ होतं. नंबर शाबूत असलेली सायकल घेतानाही साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, तारीख, रक्कम, फ्रेम नंबर लिहून सही घ्या, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. सही द्यायला जो कां कू करतो, त्याच्याशी भाव करत बसू नका. जुळे सोलापूरच्या वाचकांनीही खडूनं नंबर निघाला की त्या सामानवाल्याकडून एवढा कागद करून घ्यावा.