वाचक विचारतात: हेपसिडिनची टेस्ट करावी का?

प्रश्न: आमची पोरगी दहावीत हाये. शाळेतली लोहाची निळी गोळी चालूच होती, मंग डॉक्टरनं रोजची लोहाची गोळी देल्ली, तरी हिमोग्लोबिन साडेआठच्या वर सरकत नाही. भाचा नागपुरात लॅबचा कोर्स करते, तो म्हणते मामा, हेपसिडिन नावाचं हार्मोन असते, ते एलायझावर मोजून घ्या. टेस्ट महाग हाये अन् इकडे होत बी नाही. कापसाचे पैसे आले हायेत, करून टाकू का?
— एक शेतकरी वाचक, वणी तालुका

उत्तर: भाऊ, कापसाचे पैसे सध्या राहू द्या. भाचा बरोबर बोलतोय, हेपसिडिन खरंच असतं, यकृतात बनतं, 25 अमिनो आम्लांची एवढीशी साखळी, आणि 2000-2001 च्या सुमारास ते सापडलं तेव्हा शास्त्रज्ञ जंतू मारणारे पेप्टाइड (अशाच छोट्या साखळ्या) शोधत होते, लोहाचा संबंध मागून कळला. ते वाढलं की आतड्यातल्या पेशी लोह रक्तात सोडतच नाहीत, मग गोळी खा का पालक खा. ताप-इन्फेक्शनमध्ये ते वाढतं (जंतूला लोह मिळू नये म्हणून), आणि लोहाची गोळी घेतल्यावरही साधारण 24 तास चढलेलं राहतं, म्हणून काही डॉक्टर आता गोळी एक दिवसाआड देतात. तुमच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा, पण मनानं बदल करू नका.

आता मोजायचं कसं ते. एलायझा म्हणजे अँटीबॉडीनं (ठरावीक पदार्थालाच पकडणारं प्रथिन) पदार्थ धरून रंगावरून मोजायची टेस्ट. तिच्या प्लेटला 96 बारीक खड्डे, तळाशी अँटीबॉडी चिकटवलेली. हेपसिडिन इतकं लहान की त्याला दोन बाजूंनी दोन अँटीबॉडीनं धरायला जागाच कमी, म्हणून बऱ्याच किटमध्ये पोरीच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) खूण लावलेलं हेपसिडिन मापून मिसळतात आणि दोघं त्याच अँटीबॉडीसाठी भांडतात, बाजाराच्या दिवशी एसटीत सीटसाठी भांडतात तसे. रंग खूणवाल्यामुळं येतो, म्हणून पोरीचं जास्त असलं तर खूणवाल्याला जागा कमी, म्हणजे रंग फिका. फिका रंग म्हणजे जास्त हेपसिडिन, हे उलटं गणित भाच्याला विचारून बघा बरं!

खरी अडचण आकड्यात आहे. सुरुवातीच्या काही किट हेपसिडिन नाही तर त्याचं आधीचं रूप, प्रोहेपसिडिन मोजायच्या, त्याचा लोहाशी धड मेळच बसेना, 2008 मध्ये खऱ्या हेपसिडिनची एलायझा छापून आली तेव्हा कुठं बरं झालं. तरी आजही रक्तात 20 आणि 22 अमिनो आम्लांचे तुकडे फिरतात, काही अँटीबॉडी त्यांनाही धरून घेतात. शिवाय हे पेप्टाइड प्लास्टिकच्या नळीला चिकटतं, आणि सकाळी कमी तर दिवसभरात वाढत जातं. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लावता येत नाही. वणीहून दुपारी रक्त काढून नागपूरला पाठवलं तर त्या आकड्यावर मी तरी औषध ठरवणार नाही.

आणि समजा कमी आलं, तरी काय कळलं? लोह कमी असलं तरी ते कमी होतं, आणि थॅलेसेमियात (हिमोग्लोबिनचा जन्मजात आजार) अंगात लोह साठत असतानाही कमीच असतं.

तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्या भागात पहिला प्रश्न सिकलसेलचा, म्हणजे रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या जन्मजात आजाराचा. सरकारी दवाखान्यात त्याची सोल्युबिलिटी नावाची प्राथमिक टेस्ट होते, पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या टेस्टनं पक्कं करतात. हे न बघता लोहाच्या गोळ्या वाढवत नेणं मला पटत नाही. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज) आणि सीआरपी (अंगात सूज-इन्फेक्शन आहे का ते) या टेस्ट करा. फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे लोह संपलंय, पण अंगात इन्फेक्शन असेल तर ते खोटं चढतं, तेव्हा 70 ची रेषा धरतात, म्हणून सीआरपी त्याच वेळी हवा. पाळीत रक्त जास्त जातं का, जंताची गोळी घेतली का, गोळीवर लगेच चहा पिते का, हेही डॉक्टरांना सांगा, चहानं लोह अडतं.

एवढं करूनही फेरिटिन कमीच, सिकलसेल नाही, इन्फेक्शन नाही, गोळी नीट घेऊनही काही फरक नाही, तर मात्र मोठ्या दवाखान्यात रक्ताच्या डॉक्टरकडे जा. एक दुर्मिळ जन्मजात आजार असतो, त्यात हेपसिडिन उगाच जास्त बनतं आणि तोंडानं दिलेलं लोह लागतच नाही. तिथं ही टेस्ट कामाची आहे, आणि तेव्हा सुद्धा रक्त सकाळी, त्याच लॅबमध्ये जाऊन द्यायचं.