पाडायचं की दुरुस्त करायचं? आधी कॉलम तपासा, मग स्वतःचं वय बघा

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. वडिलांनी बांधलेलं ३८ वर्षांचं घर आहे, तळमजला आणि वर एक मजला. गच्ची गळते, न्हाणीघराच्या छताचे पोपडे पडून सळया दिसायला लागल्यात, वायरिंग जुनं झालंय, आणि आईला आता जिना चढवत नाही. तुम्ही ५२ वर्षांचे, निवृत्ती ६० ला. ठेकेदार म्हणतो, दुरुस्तीत पैसे घालवू नका, पाडून नवीनच बांधा. बँक १५ वर्षांचं कर्ज द्यायला तयार आहे. तुमच्या रकमा इथे देत नाही. नव्या बांधकामाचा ठेकेदाराचा आकडा १०० धरू. त्या मापात दुरुस्तीचा अंदाज ४० येतो, आणि निवृत्तीचा फंड बाजूला ठेवून तुमच्या हातात ७० आहेत.

माझं मत आधीच सांगतो: दुरुस्ती करा. अट एकच, कॉलम आणि पाया धड असल्याचं एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने (इमारतीच्या सांगाड्याची ताकद तपासणाऱ्याने) लेखी दिलं पाहिजे.

सळया दिसल्या म्हणजे घर संपलं असं नाही. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं, पीएच १२.५ ते १३ च्या आसपास, आणि त्या वातावरणात लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो आणि हा गुण कमी करत जातो. तो सळईपर्यंत पोचला आणि सोबत ओल मिळाली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा लागते, त्यामुळे आतून रेटा बसतो आणि पोपडे सुटतात. गच्ची, न्हाणीघर, छज्जे इथे हे आधी होतं, कारण ओल तिथे असते. तुमच्या पत्रातली सगळी लक्षणं याच जागांची आहेत. कॉलमवर सळईच्या रेषेत उभी चीर किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, रुंद होत चाललेली भेग याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. ती असेल तर मला लगेच कळवा, कारण मग हिशेब बदलतो. भेग वाढते आहे की जुनीच आहे ते कळायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख टाकून ठेवा. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे.

तपासणीत एक साधी गोष्ट तुम्ही स्वतः समोर उभं राहून बघा. इंजिनिअर कॉलमचा छोटा तुकडा ताजा फोडून त्यावर फेनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारतो. जिथे गुलाबी रंग येतो तिथलं काँक्रीट अजून सळईचं रक्षण करतंय, जिथे रंगच येत नाही तिथलं संपलंय. बिनरंगी पट्टा किती मिलिमीटरचा आणि सळई किती आत, हे दोन आकडे लिहून घ्या. कोरड्या जागी हा पट्टा साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकतो. म्हणजे ३८ वर्षांत २० मिलिमीटर गेला असेल आणि सळई ३० मिलिमीटर आत असेल, तर तिथे पोचायला एकूण ८५ वर्षांच्या आसपास लागतील. अजून ४७ वर्षं हातात आहेत. उलट पट्टा सळईच्या पलीकडे गेला असेल तर वरून कितीही चांगला गिलावा करा, काही वर्षांत तिथेच फुगवटा येणार. बाकी रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, कोअर (काँक्रीटचा दंडगोल तुकडा) काढून ताकद बघणं, यातल्या कोणत्या चाचण्या हव्यात हे इंजिनिअर ठरवेल. मात्र ज्याला पुढचं काम मिळणार आहे त्याच्याकडून ही तपासणी करून घेऊ नका. तुमच्या ठेकेदाराच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही, पण त्याने कॉलम तपासले नाहीत आणि मोठं काम त्यालाच मिळणार आहे, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

आता पैसे. १०० आणि ४० ही तुलना अपुरी आहे. १०० मध्ये फक्त बांधकाम आहे. पाडकाम, राडारोडा उचलणं, आर्किटेक्टची फी, परवानग्या, दीड वर्षाचं भाडं, दोनदा सामान हलवणं, पाण्याची आणि ड्रेनेजची नवी जोडणी, कंपाऊंड, दिवे-पंखे-कपाटं यांना मी २० धरतो आणि वाढीव खर्चाला १०. झाले १३०. दुरुस्तीत वाढीव खर्चाचं प्रमाण जास्त ठेवावं लागतं, कारण गिलावा झोडल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून ४० वर चौथा हिस्सा, झाले ५०.

तुमच्या ७० पैकी १० अडीअडचणीला ठेवा, त्यांना हात लावू नका. राहिले ६०. दुरुस्ती कर्जाशिवाय होते, वर १० उरतात. नवीन बांधायला ७० चं कर्ज लागतं. दरसाल ९ टक्के आणि १५ वर्षं धरली तर हप्ता महिन्याला ०.७१ बसतो, आणि ७० चे एकूण १२८ फेडावे लागतात. खर्च १३० नाही, १८८.

त्याहून मला जास्त काळजी वाटते ती साठीची. आठ वर्षं एकही हप्ता न चुकवता भरल्यावर, ज्या महिन्यात तुमचा पगार थांबेल त्या महिन्यात ७० पैकी ४४ अजून बाकी असतील. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं, मुद्दल हलत नाही. पुढची सात वर्षं हे पैसे निवृत्तीच्या फंडातूनच जाणार. कर्ज ८ वर्षांत संपवायचं म्हटलं तर हप्ता ४४ टक्क्यांनी वाढतो, आणि मुलीच्या शिक्षणाची वर्षं नेमकी हीच आहेत. आता दुसरी बाजू बघा: दुरुस्ती करून तेच ०.७१ महिन्याला बाजूला टाकत गेलात आणि ६ टक्के परतावा मिळाला, तर साठीला ८७ जमलेले असतील. एकीकडे ४४ चं देणं, दुसरीकडे ८७ ची शिल्लक. घर दोन्हीकडे आहे.

नव्या घराच्या बाजूने खरा मुद्दा आयुष्याचा आहे आणि तो मला झटकायचा नाही. चांगली दुरुस्ती १५ ते २० वर्षं निर्धास्त काढते, नवं घर ५० च्या वर. ५० भागिले २० म्हणजे वर्षाला अडीच, १३० भागिले ५० म्हणजे २.६. जवळपास सारखंच. पण व्याज धरून १८८ घेतले की वर्षाला ३.८ होतात. ज्याच्याकडे १३० रोख आहेत किंवा जो ३५ वर्षांचा आहे, त्याला मी वेगळं उत्तर दिलं असतं. तुमची मुलगी पुढे याच घरात राहणार असेल तर तिने तिच्या कमाईवर, तिच्या गरजेप्रमाणे बांधावं. जागा तर तिचीच असणार आहे.

वरचा मजला भाड्याने देऊन हप्ता भागवू, असंही तुम्ही लिहिलंय. ते गणित करताना वर्षाचं भाडं १२ नाही, १० महिन्यांचं धरा, त्यातून कर आणि देखभाल वजा करा, आणि मग हप्त्याचा किती हिस्सा निघतो ते बघा. शिवाय नवा आराखडा आजच्या नियमांत बसवावा लागतो. चहूबाजूंनी सोडायची जागा वाढली असेल तर नवं घर जुन्यापेक्षा लहानही होऊ शकतं. पाडण्याआधी हे आर्किटेक्टकडून कागदावर घ्या. जुनं घर एकदा पडलं की जुना क्षेत्रफळाचा आधारही जाऊ शकतो.

आईंचं सोय-गैरसोयीचं काम मात्र थांबवू नका. त्यांच्यासाठी घर पाडायची गरज नाही. खालच्या बैठकीचा एक भाग खोली म्हणून बंद करणं, शेजारी न घसरणाऱ्या फरशीचं, हाताला आधाराचे दांडे लावलेलं, चाकाची खुर्ची आत जाईल इतक्या रुंद दाराचं न्हाणीघर करणं, हे त्या ५० मध्येच बसवा. माझ्या यादीत हे काम रंगकामाच्या आणि नव्या किचनच्या आधी आहे. तुम्ही रंग, फरशा आणि मॉड्युलर किचन पहिल्या टप्प्यात घेतलंय, तो क्रम उलटा करा. आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि जुने नळ, मग सळया साफ करून स्लॅब आणि बीमची दुरुस्ती, मग वायरिंग, आईंची खोली, आणि शेवटी जे डोळ्यांना दिसतं ते. ओल थांबवल्याशिवाय छताला हात लावला तर तो खर्च वाया जातो.

तपासणीत अर्ध्याहून जास्त कॉलम खराब निघाले किंवा पाया खचतोय असं आलं, तर मी माझं मत बदलेन. प्रत्येक कॉलमला जॅकेटिंग (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर) करत बसलात तर ४० चे ७० कधी होतील कळणार नाही, आणि अशा घरात आईंना ठेवणं मला पटणार नाही. तेव्हाही १०० चं घर बांधू नका. फक्त तळमजला बांधा, पाया आणि कॉलम वरचा मजला पेलतील असे काढा आणि पुढच्या मजल्यासाठी वर ठेवलेल्या सळया झाकून ठेवा. कर्ज साठीच्या आत फिटेल एवढंच घ्या.

ठेकेदाराला अजून आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. इंजिनिअरचा अहवाल आला की त्यातलं कॉलमचं पान आणि सध्याच्या महिन्याच्या खर्चाचा तक्ता मला पाठवा.