टाका घालावा की झोपवून ठेवावे?

प्रश्न : माझ्या सुनेचे पहिले बाळ साडेपाचव्या महिन्यात, फारशा कळा न येताच गेले. विहिरीवरून पाणी भरले म्हणून असे झाले, असे वाडीत सगळे म्हणतात. आता तिला पुन्हा दिवस गेले असून अकरावा आठवडा चालू आहे. डॉक्टर पिशवीच्या तोंडाला टाका घालण्याविषयी बोलले. आम्हांला वाटते, तिला अंथरुणावरच ठेवावे. काय करावे?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : कळशी उचलल्याने बाळ गेले, असे सुनेला यापुढे कोणीही ऐकवू नये, सासू म्हणून हे आपणच थांबवू शकता. कळांवाचून गर्भपिशवीचे तोंड उघडणे हे ते कमकुवत असल्याचे लक्षण असू शकते. तोंडावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, आधीच्या बाळंतपणातली इजा किंवा जन्मजात रचना यांमुळे तसे होते आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही.

सक्तीच्या विश्रांतीने अकाली प्रसूती टळते, असे दिसून आलेले नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. जड कामे टाळून तिला घरात वावरू द्यावे.

टाक्याची भीती बाळगू नये. मूळ गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली मांडलेली टाक्याची पद्धत आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बाळ नीट असल्याची सोनोग्राफीत खात्री झाल्यावर साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात टाका घालतात. मात्र एकदाच असे घडलेले असेल, तर काही डॉक्टर सोळाव्यापासून चोविसाव्या आठवड्यापर्यंत योनिमार्गातून सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजत राहतात आणि ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तरच टाका घालतात. दोन्ही मार्ग मान्य आहेत. निवड मागच्या वेळी नेमके काय घडले यावर ठरते, म्हणून जुने केसपेपर आणि सोनोग्राफीचे कागद घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.

टाका घातल्यावरही ओटीपोटात जडपणा, कळा, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे किंवा ताप यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण टाका तसाच राहून कळा वाढल्या तर पिशवीचे तोंड फाटू शकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी अतिदक्षता कक्ष जवळ कुठे आहे, याची चौकशी आताच करून ठेवावी. पावसाळ्यात वाडीपर्यंत गाडी येत नसेल, तर चोविसाव्या आठवड्यानंतर तिला रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे ठेवणे बरे. सगळे सुरळीत असल्यास छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात टाका काढतात.