आमची गुरुवारची सावड

तुमचा मुलगा आठ वर्षांचा. ऑगस्टपासून शाळेतून काढून घरी शिकवताय, आणि आता तो रोज सकाळी "आज कोण येणार खेळायला?" विचारतो. टेक्ससातल्या फ्रिस्कोत घरापासून दहा मिनिटांवर चर्चमधला एक को-ऑप, म्हणजे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी मिळून चालवलेला गट आहे, पण ते स्टेटमेंट ऑफ फेथवर, म्हणजे त्यांची ख्रिस्ती श्रद्धा मान्य असल्याच्या कागदावर, सही मागतात. दुसरा सेक्युलर आहे, पण चाळीस मिनिटं लांब, आणि तिथे आईलाही शिकवावं लागतं. त्यात नवऱ्याचं म्हणणं, शाळा सोडली ती परत शाळेतच जायला का? मग को-ऑप धरावा का, आणि कोणता, हे विचारणारं तुमचं पत्र वाचताना आमचं सहा वर्षांपूर्वीचं घर डोळ्यांसमोर आलं. जरा मोठं लिहितेय, चहा घेऊन बसा.

आधी कायद्याचं उरकते. टेक्ससात को-ऑप नसला तरी तुमचं काही अडत नाही. १९९४ साली लीपर खटल्यात टेक्ससच्या सुप्रीम कोर्टाने घरच्या शाळेला खाजगी शाळाच मानलं. नोंदणी नाही, राज्याची परीक्षा नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढं पुस्तकातून किंवा स्क्रीनवरून, पण खरोखर शिकवायला हवं. माझी मावसबहीण पेनसिल्व्हेनियात आहे, तिला दरवर्षी प्रतिज्ञापत्र, पोर्टफोलिओ, इव्हॅल्युएटर असं सगळं करावं लागतं. तिचं ऐकून घाबरू नका. आणि को-ऑपचं सर्टिफिकेट मिळेल का, हा प्रश्नही डोक्यातून काढून टाका.

आता मुद्द्याचं. मी पहिल्या वर्षी को-ऑपला क्लास समजले. पैसे भरायचे, मुलांना सोडायचं, तीन तास टार्गेटच्या दुकानात फिरून यायचं. गावाकडे शेतात सावड असते ना, आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू? को-ऑप म्हणजे तेच. फी कमी असते कारण उरलेली फी तुम्ही अंगमेहनतीने फेडता. कोणी शिकवतं, कोणी तान्ही मुलं सांभाळतं, कोणी शेवटी टेबलं पुसून खुर्च्या रचतं. हे मला कळलं ते एका फजितीतून. ऑक्टोबरात माझी नर्सरी ड्यूटी होती आणि त्याच सकाळी सासूबाईंचं विमान डीएफडब्ल्यूला, म्हणजे डॅलसच्या विमानतळावर, उतरणार होतं. मी आदल्या रात्री उशिरा "सॉरी, जमणार नाही" एवढा मेसेज टाकला आणि मोकळी झाले. माझ्या जागी उभी राहिली ती दीड महिन्याचं बाळ कडेवर घेतलेली एक आई. कोणी मला बोललं नाही. पुढच्या गुरुवारी मात्र सगळ्या जणी फार सभ्यपणे वागल्या, आणि ते जास्त लागलं. तेव्हापासून ड्यूटी बदलायची झाली तर आधी बदली शोधायची, मग कळवायचं, हा माझा नियम.

म्हणून तुम्हाला उलटा प्रश्न विचारते. को-ऑप मुलाला काय देईल हे बाजूला ठेवा. आठवड्यातला एक अख्खा दिवस, आणि त्याच्या तयारीची आदली संध्याकाळ, तुम्ही देऊ शकता का? धाकटं बाळ असेल, नाहीतर घरून नोकरी असेल, तर यंदा नुसत्या पार्क डेला जा, म्हणजे घरी शिकणारी मुलं बागेत खेळायला जमतात तिथे. मुलाला सवंगडी हवेत, ते तिथेही मिळतात.

सहीचं. चर्चमध्ये भरतो म्हणून को-ऑप धार्मिकच असतो असं नाही. आमचा सेक्युलर गटही चर्चचा हॉल भाड्याने घेतो, कारण रिकाम्या खोल्या आणि पार्किंग तिथेच असतं. पण स्टेटमेंट ऑफ फेथ ही वेगळी गोष्ट. काही ठिकाणी सगळ्या पालकांची सही लागते, काही ठिकाणी फक्त शिकवणाऱ्यांची, आणि काही जण नुसतं 'वाचलं' एवढंच लिहून घेतात. ईमेल करून सरळ विचारा, राग येत नाही कोणाला. सगळ्यांची लागत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जे मानत नाही त्यावर सही करू नये. "फॉर्मच तर आहे" असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ भेटतील, पण ती मंडळी तो कागद मनापासून मानतात. त्यावर आपण खोटी सही करणं त्यांचाही अपमान. विज्ञानाला कोणतं पुस्तक वापरतात तेही विचारा. अपोलोजियाची पुस्तकं असतील तर सृष्टी देवाने निर्माण केली या भूमिकेतून शिकवतात, हे आधी माहीत असलेलं बरं. बाकी अशा गटांतली माणसं फार प्रेमळ असतात. माझ्या मुलीची सगळ्यात जवळची मैत्रीण अशाच घरातली आहे.

शिकवायला घाबरताय ना? मीही घाबरले होते. माझं इंग्रजी, माझे उच्चार, त्यात समोर बारा अमेरिकन पोरं. गणित घेऊ का म्हणून विचारलं तर ते आधीच तीन इंजिनियर बाबांनी पटकावलेलं. शेवटी वारली चित्रं घेतली. किराण्याच्या तपकिरी कागदी पिशव्या फाडून सपाट केल्या, त्यांवर गेरूच्या रंगाचा हात दिला, तांदळाची पिठी पाण्यात कालवली आणि काडीचं टोक ठेचून ब्रश केले. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस होतो, एवढं सांगितलं आणि खोली शांत झाली. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं काढायचं होतं. एका पोराने मधोमध तारप्याऐवजी बेसबॉलचा पिचर उभा केला आणि भोवती सगळी टीम हात धरून नाचवली. ते चित्र अजून आमच्या फ्रिजवर आहे. सांगायचं काय, तुम्हाला सहज येतं तेच शिकवा. रांगोळी, लंगडी, खो-खो, मोडी लिपीत स्वतःचं नाव, काहीही. इथे रविवारची मराठी शाळा आपले पालकच चालवतात की, त्यातलीच ही गत.

एक महत्त्वाचं, कोणी सांगत नाही म्हणून. तुम्ही एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर असाल आणि वर्क परमिट नसेल, तर शिकवण्याचे पैसे घेऊ नका. काही को-ऑप शिकवणाऱ्यांना मानधन देतात, काही फी माफ करतात. ती माफीसुद्धा मोबदला धरली जाऊ शकते, तेव्हा आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. मी तेव्हा पूर्ण फी भरून फुकट शिकवलं.

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी मी मंगळवारी एक आणि गुरुवारी एक असे दोन को-ऑप धरले. दिवाळीपर्यंत मुलीचं भागाकाराचं पुस्तक त्याच पानावर आणि आमचा सगळा आठवडा गाडीत. एकच धरा. त्यालाही आधी एक दिवस पाहुणे म्हणून जा, आणि वर्गांपेक्षा डब्याच्या वेळेकडे बघा. नवीन पोराला कोणी टेबलावर जागा करून देतं का? आया आपापल्या कोंडाळ्यात असतात की तुमच्याशी येऊन बोलतात? मी तरी यावरच ठरवते. लांबच्या को-ऑपमध्ये हे दिसलं तर चाळीस मिनिटं काही नाहीत, गाडीत ऑडिओबुक होतं.

स्प्रिंगची नोंदणी बऱ्याच ठिकाणी थँक्सगिव्हिंगच्या आसपास भरते, तेव्हा ईमेल या आठवड्यातच टाका. पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म येईल, तो सगळ्यांनाच असतो, मनाला लावून घेऊ नका.

आणि डब्यात शेंगदाणे चालतात का ते विचारून घ्या. आमच्या इथे अजिबात नाही. माझा गुरुवारचा उपवास. पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटासकट घेऊन गेले आणि पार्किंगमध्ये गाडीच्या काचा लावून एकटीने खाल्ली.