घरी पोर्क आणि भाज्यांचं स्टर फ्राय करताना पाणी सुटतं, मांस चिवट होतं. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की अर्धा किलो पोर्क, चार भाज्या आणि सॉस असं सगळं एका कढईत मोठ्या गॅसवर परतलंत, तरी खाली पाणी साचलं आणि मांस रबरासारखं झालं. शिवाय घरात पोर्क पहिल्यांदाच आणल्यामुळे ते नीट शिजलं की नाही, ही धाकधूक. आणि शेवटी विचारलंय, कोणता सॉस घालू म्हणजे हॉटेलसारखं होईल?

सॉसचं नंतर बघू. घोटाळा पहिल्या दोन शब्दांत आहे: अर्धा किलो.

मी मूळची वसईची. डुकराचं मटण आमच्या घरात नवं नाही, पण ते नाताळातलं इंद्याल. चरबीसकट मोठे तुकडे, व्हिनेगर, वाटलेला मसाला आणि मंद आच. त्यात तयार झालेला हात परतायला काही कामाचा नसतो, हे मला नोकरीसाठी सिंगापूरला तीन वर्षं राहिले तेव्हा कळलं. घरमालकीण साठी उलटलेली कँटोनीज बाई. तिथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही तिला आंटीच म्हणायचो. मी कढईत काहीही टाकलं की मागून आवाज यायचा, "टू मच लाह!" मला वाटायचं, मीठ जास्त झालं म्हणते की काय. ती कढईतल्या गर्दीबद्दल बोलत होती.

तरी अक्कल आली नाहीच. वसईला परतल्यावर दहा माणसांना "खरं चायनीज" खिलवायच्या उत्साहात मी सव्वा किलो पोर्क एका टोपात ओतलं. पाच मिनिटांत करड्या रंगाचं पाणी वर आलं आणि त्यात मांस तरंगायला लागलं. मामा डोकावून म्हणाला, "पेज झाली का गं पोर्कची?" अजून दर नाताळात ती पेज निघते.

झालं काय होतं, ते सांगते. पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण सातपट त्याची वाफ करायला लागते. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन किलोवॅटच्या आसपास असतो आणि त्यातली बरीच उष्णता कढईच्या बाजूने वर निघून जाते. मांसातून आणि भाज्यांतून अर्धी वाटी पाणी सुटलं, तर ते नुसतं आटवायलाच तीनेक मिनिटं जातात. तोवर कढईचं तापमान शंभर अंशांवर अडकून बसतं. म्हणजे तुम्ही परतत नाही, उकडताय. मांसाला रंग येतो, खरपूस वास सुटतो तो याच्या बराच वर, दीडशे अंशांच्या आसपास. चायनीजच्या गाडीवर तो भकभक आवाज करणारा बर्नर बघितला असेल. त्याची ताकद घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असते, म्हणून तिथे पाणी सुटल्या सुटल्या उडून जातं. तसला बर्नर घरच्या ओट्यावर आणायच्या फंदात पडू नका. आच वाढवता येत नसेल तर माल कमी करायचा, एवढाच मार्ग आपल्याकडे आहे. एका वेळी कढईत सव्वाशे-दीडशे ग्रॅम मांस. त्याहून जास्त नाही.

आता पदार्थ. पहिल्यांदा करताय तर चार भाज्या सोडा आणि चीनमधल्या घराघरांत होणारा एक साधा प्रकार करा. त्याला छिंगज्याओ रोउस म्हणतात. छिंगज्याओ म्हणजे हिरवी मिरची, रोउस म्हणजे मांसाचे धागे. आपल्याकडे ढोबळी मिरची मुबलक, आणि ती फारसं पाणी सोडत नाही. हे जमलं की मग गाजर, फरसबी, कोबी काय हवं ते घाला. आणि नावाला बिचकू नका. चिनी "छाओ"साठी इंग्रजीत शब्द नव्हता, म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या एका चिनी डॉक्टरबाईंनी १९४५ साली "स्टर फ्राय" हा शब्द घडवला. आपल्याला तो घडवायची गरजच नव्हती. "परतणे" आहेच की.

दोघांसाठी अडीचशे ग्रॅम पोर्क पुरतं. दुकानात नुसतं "पोर्क द्या" म्हणालात तर चामडी-चरबीसकट रश्श्याचे तुकडे हातात पडतील. बिनहाडाचं, बिनचरबीचं मागा. अंडरकट, म्हणजे कण्याच्या आतल्या बाजूचा मऊ लांबट तुकडा, मिळालं तर उत्तम, नाहीतर मांडीचं किंवा पाठीचं. खांद्याचंही चालतं, फक्त मधले पांढरे पडदे काढून टाकायचे.

घरी आणल्यावर फ्रीजरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. दगड व्हायला नको, नुसतं आवळून आलं पाहिजे. मऊ मांस सुरीखाली पळतं आणि मग जाडेभरडे तुकडे होतात. तुमच्या रबराचं निम्मं कारण तेच असणार. आधी पाव सेंटीमीटर जाडीच्या चकत्या, मग त्या चकत्यांच्या काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरा जाड अशा पट्ट्या. मांसाच्या रेषा आडव्या कापायच्या की उभ्या, यावर चिनी स्वयंपाकघरात एक म्हणच आहे: गोमांस आडवं, डुक्कर उभं, कोंबडी तिरकी. डुकराच्या मांसाचे धागे मुळात बारीक आणि मऊ. आडवे कापले तर परतताना पट्टीचा भुगा होतो. अंडरकट असेल तर मी म्हणीप्रमाणे रेषेच्या दिशेनेच कापते. खांद्याचं किंवा मोठ्या जनावराचं वाटलं, तर म्हण गुंडाळून ठेवते आणि सरळ आडवं कापते.

पट्ट्या धुतल्या असतील तर फडक्याने टिपून अगदी कोरड्या करा. मग दोन चहाचे चमचे सोया सॉस, चिमूटभर पांढरी मिरपूड आणि दोन मोठे चमचे पाणी घालून हाताने एकाच दिशेने कालवत राहा. आत्ताच पाण्याला शिव्या घातल्या आणि आता पाणीच घालायला सांगते, असं वाटेल. पण हे पाणी मांसात जिरवायचं असतं. दोन मिनिटांत वाडगं कोरडं दिसायला लागतं. जिरलं की दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर, आणि ते सगळीकडे लागलं की वरून एक चमचा तेल. कॉर्नफ्लोअरचा पातळ लेप मांसातलं पाणी आत धरून ठेवतो, तेलामुळे पट्ट्या एकमेकींना चिकटत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं ठेवून द्या. मांस चिवट निघेल अशी शंका असेल तर सोया सॉसबरोबर एक चिमूट खायचा सोडा घाला. सोड्याने मांसातली प्रथिनं शिजताना एकमेकांना घट्ट आवळत नाहीत. पण चिमूट म्हणजे चिमूटच. जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि ती कोणत्याही सॉसने झाकत नाही.

कढई लोखंडाची किंवा बिडाची घ्या. कढई नसेल तर भाकरीचा मोठा लोखंडी तवा घ्या. हसू नका, सपाट शेगडीवर तो खोल कढईपेक्षा बरा पडतो, कारण पसरट असल्याने वाफ अडकत नाही. नॉनस्टिक मात्र नको. ते रिकामं तापवत ठेवलं आणि २६० अंशांच्या पुढे गेलं की त्याचा थर बिघडायला लागतो, आणि इथे तर कढई तापवण्यातच सगळी गंमत आहे.

आंटीचा नियम होता, तापलेली कढई आणि गार तेल. रिकामी कढई तापवायची, इतकी की पाण्याचा थेंब टाकला तर चर्र न होता मोत्यासारखा गडगडत पळाला पाहिजे. मग तेल ओतायचं, कढई फिरवून सगळीकडे लावायचं आणि लगेच मांस. तेल कढईबरोबर तापवत बसलात तर ते आधीच जळतं, मांसही चिकटतं. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल घ्या. कँटोनीज घरांतही शेंगदाणा तेल चालतं, तेव्हा इथे आपण घरचेच. घाण्याचं तेल लवकर धुरकटतं, ते चटणीवर घ्यायला ठेवा.

निम्मं मांस टाका, पसरा आणि तीस-चाळीस सेकंद हात मागे घ्या. हे सगळ्यांत अवघड. आपल्याला ढवळल्याशिवाय राहवत नाही, पण सारखं ढवळलं तर कुठलीच बाजू भाजली जात नाही. खालून सुटलं की उलथा, भराभर परता आणि पट्ट्या पांढरट झाल्या की ताटलीत काढा. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. कढई पुन्हा तापू द्या आणि उरलेलं निम्मं तसंच करा.

आता त्याच कढईत एक मोठा चमचा तेल, चार-पाच पाकळ्या लसूण आणि बोटभर आलं, दोन्ही बारीक कापून. वाटून नको, पेस्टमध्ये पाणी असतं आणि ती तळाला लागते. दहा सेकंदांत वास सुटला की दोन ढोबळ्या मिरच्यांच्या लांब फोडी. दीड मिनिट. इथे आपला हात सवयीने झाकणाकडे जातो. भाजी टाकली, ताटली झाकली, ताटलीत पाणी घातलं, वाफ काढली, हे आईकडून घेतलेलं वळण. आज ताटली कपाटात ठेवा. मीठही शेवटी, कारण मीठ भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. मशरूम घालायचे असतील तर ते आधी वेगळे कोरडे परतून घ्या, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. फरसबी आणि गाजर एक मिनिट उकळत्या पाण्यातून काढून निथळून, मग कढईत. टोमॅटो नको. का नको ते आता तुम्हीच सांगाल.

मांस परत कढईत आणि त्यावर सॉस. बाजारातल्या बाटल्यांमागे लागू नका. एक मोठा चमचा सोया सॉस, अर्धा चहाचा चमचा साखर, एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर आणि तीन मोठे चमचे पाणी, एवढं वाटीत आधीच कालवून ठेवा. ओतायच्या आधी पुन्हा ढवळा, कॉर्नफ्लोअर तळाशी बसलेलं असतं. बहुतेकांच्या घरी असतो तो डार्क सोया. त्याने रंग काळाकुट्ट येतो, म्हणून तो असेल तर निम्माच घ्या आणि राहिलेलं मीठ घालून जमवा. सॉस मधोमध न ओतता कढईच्या कडेने सोडा, तापलेल्या लोखंडावरून खाली येताना तो किंचित करपतो. कँटोनीज लोक ज्याला वॉक हेइ, कढईचा श्वास, म्हणतात त्यातला थोडासा वास आपल्या शेगडीवर असा मिळतो. अर्ध्या मिनिटात सगळ्याला चकाकी आली की गॅस बंद.

सुरक्षिततेचं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती पुरेशी असं जाहीर केलं. खिम्यासाठी मात्र ७१ अंशच ठेवले. तिथला आतून गुलाबी चॉप त्यामुळे चालतो. मी इथे मांसात जराही गुलाबी ठेवत नाही, आणि इतक्या बारीक पट्ट्यांना पूर्ण शिजायला दोन मिनिटं पुरतात. सगळ्यांत जाड पट्टी कापून बघा. आतून पांढरट असेल तर झालं.

मेंदूत गाठी होतात म्हणून पोर्क नको, असं कोणीतरी सांगेलच, म्हणून तेही लिहिते. कच्चट पोर्कमधून येते ती आतड्यातली पट्टकृमी. मेंदूतल्या गाठी होतात त्या तिच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवरून, घाण पाण्यातून आणि कच्च्या भाज्यांवरून पोटात जातात. त्यामुळे आयुष्यात पोर्क न चाखलेल्या माणसालाही त्या होऊ शकतात. मांस पूर्ण शिजवा आणि भाज्या तितक्याच निगुतीने धुवा. भाजी आधी चिरा, मांस नंतर, म्हणजे एकाच पाटावर भागतं. नंतर पाट, सुरी आणि हात साबणाने धुवा. मुरवलेल्या मांसाचं वाडगं न धुता त्यातच शिजलेलं मांस काढायचं नाही, ही चूक घाईत हमखास होते.

राहिला अर्धा किलोचा प्रश्न, कारण तुम्ही घरात चौघं आहात. सगळं कापून, मुरवून, वाटीत कालवून तयार ठेवा आणि हा अख्खा खेळ दोनदा खेळा. प्रत्येक फेरी सहा-सात मिनिटांची. भात आधीच झालेला हवा. पहिल्या फेरीचं दोघांनी लगेच खायला बसायचं, बाकीच्यांसाठी थांबायचं नाही, कारण हे गार झालं की त्याला चव नाही. सगळ्यांनी एकत्रच बसायचं असा घरात आग्रह असेल, तर त्या दिवशी इंद्याल करा.