टोनलिस्ट निसर्गचित्रं नेमकी पाहायची कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: जॉर्ज इनेस, व्हिसलर वगैरे टोनलिस्ट, म्हणजे रंगापेक्षा उजळ-गडद छटांवर भर देणाऱ्या, अमेरिकी चित्रकारांची निसर्गचित्रं नेटवर पाहिली, सगळी सारखीच धूसर आणि तपकिरी वाटली, मग जाणकार त्यात एवढं काय पाहतात? आणि तो परिणाम रंगांत आणतात कसा?

मी शिकागोजवळ राहतो. इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे इनेसची बरीच चित्रं आहेत आणि ती मी अनेकदा पाहिली आहेत. स्वतः हौसेनं तैलरंगात काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्हाला तसं वाटण्यात मोबाइलचा वाटा मोठा आहे. या चित्रांमध्ये शेजारशेजारच्या दोन छटांमधलं अंतर अगदी थोडं असतं आणि सगळा जीव त्या थोड्या अंतरातच असतो. फोटोत ते अंतर पुसलं जातं, नाहीतर कॅमेरा ते उगाच वाढवून ठेवतो. शिवाय रंगाचे पातळ थर एकावर एक चढवलेले असल्यामुळे प्रत्यक्षात उजेड चित्राच्या आतून आल्यासारखा वाटतो. ते फोटोत उतरत नाही.

हे चित्रकार कशापासून दूर गेले ते आधी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत निसर्गचित्र म्हणजे भव्य देखावा. फ्रेडरिक चर्च या चित्रकाराचं ‘हार्ट ऑफ द अँडीज’ १८५९ मध्ये न्यूयॉर्कला मांडलं तेव्हा लोक तिकीट काढून, नाटकाच्या दुर्बिणी घेऊन त्यातलं पान न् पान पाहायला जात. इनेसची (१८२५–१८९४) सुरुवातही साधारण याच वळणाची. रेल्वे कंपनीच्या सांगण्यावरून १८५६ च्या सुमारास त्यानं ‘द लॅकावाना व्हॅली’ रंगवलं. समोर तोडलेल्या झाडांचे बुंधे, मध्ये धूर सोडत येणारी आगगाडी, मागे इंजिनांची गोल शेड. सगळं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. पुढे हेच चित्र त्याला मेक्सिको सिटीत जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानात सापडलं आणि त्यानं ते विकत घेतलं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

त्याच माणसानं १८९३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, ‘द होम ऑफ द हेरॉन’ रंगवलं. फ्लोरिडातली पाणथळ जागा, झाडांचे काळपट उभे बुंधे, त्यांच्या मागे क्षितिजाशी साचलेला मंद, उबदार उजेड आणि गवतात एक बगळा. बगळा लगेच सापडत नाही. झाड कोणत्या जातीचं, हे सांगता येत नाही. पण वेळ कोणती, हवा किती दमट, उजेड अजून किती काळ टिकेल, हे सगळं कळतं. त्यानं फ्रान्समध्ये बार्बिझोन गावच्या निसर्गचित्रकारांचं काम पाहिलं होतं आणि स्वीडनच्या स्वीडनबोर्ग या तत्त्वज्ञाचा त्याच्यावर खोल परिणाम झाला होता. डोळ्यांना दिसणाऱ्या जगाच्या आत आणखी एक जग आहे, अशी त्याची श्रद्धा होती. ही श्रद्धा बाजूला ठेवूनही चित्र पाहता येतं, पण कडा विरघळवण्याचा त्याचा आग्रह कुठून आला हे समजायला ती उपयोगी पडते.

आता पाहायचं कसं. एक प्रयोग करा. मोने या इंप्रेशनिस्ट चित्रकाराचं १८७२ चं ‘इंप्रेशन, सनराइज’ मोबाइलवर उघडा आणि कृष्णधवल करा. त्यातला केशरी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. कारण तो आजूबाजूच्या आकाशाइतकाच उजळ आहे, फरक फक्त रंगाचा आहे. मग इनेसचं कुठलंही उशिराचं चित्र तसंच कृष्णधवल करा. ते बऱ्यापैकी शाबूत राहतं. चित्रकलेच्या वर्गात ज्याला टोन किंवा व्हॅल्यू म्हणतात, म्हणजे रंग वजा केल्यावर उरणारा उजळ-गडदपणा, त्याच्यावर हे चित्र उभं आहे. रंग त्यावर नंतर येऊन बसतो.

काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला दहा धरलं, तर एखादं टोनलिस्ट चित्र बहुतांशी तीन ते सहाच्या मधेच फिरतं. आकाश पांढरं नाही, झाडं काळी नाहीत. अशा चित्रात कुठेतरी एकच ठिपका आठचा ठेवला की तो दिव्यासारखा पेटतो. म्हणून चित्रासमोर उभं राहिलात की डोळे किलकिले करा आणि सर्वांत उजळ जागा शोधा, मग सर्वांत गडद, मग सर्वांत धारदार कड. बहुतेक वेळा या तिन्ही जागा एकमेकींच्या जवळ निघतात आणि चित्राचा गाभा तिथेच असतो. उरलेलं सगळं तिथवर पोचण्याची वाट असते. घाई मात्र करू नका. विलंबित ख्याल ऐकायला बसतो तसं बसा, पहिल्या मिनिटाला काही घडत नाही.

कडांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘धूसर’ म्हणून आपण जे मोडीत काढतो ते बहुतेक वेळा कडांचं काम असतं. दोन आकारांच्या छटा सारख्या गडद असतील तर त्यांच्यामधली रेषा आपोआप हरवते, ब्रशनं पुसावी लागत नाही. झाडाची सावली आणि खालचं गवत एकाच व्हॅल्यूवर आणलं की झाड जमिनीतून उगवल्यासारखं दिसतं. त्याच झाडाचा शेंडा आकाशापुढे जरा गडद ठेवला की तिथे कड परत येते. कुठे हरवायची आणि कुठे परत आणायची, यात चित्रकाराची खरी परीक्षा असते. सगळीकडे सरसकट कडा घासून टाकलेलं चित्र धूसर होतं, टोनल होत नाही. या पठडीत अशी चित्रं ढिगानं झाली, हेही मान्य करायला हवं. हेन्री वॉर्ड रेंजर या टोनलिस्ट चित्रकारानं १८९९ पासून कनेटिकटमधल्या ओल्ड लाइम गावी चित्रकारांची वसाहत जमवली. त्या काळातली कित्येक चित्रं मला एकाच तपकिरी रश्श्यात बुडवल्यासारखी वाटतात. तुमची नापसंती अशा चित्रांबद्दल असेल तर मी तुमच्याच बाजूचा आहे.

आता धुक्याचं तंत्र. जळणाचा धूर गर्द झाडीपुढे निळसर दिसतो आणि उजळ आकाशापुढे तोच धूर तांबूस दिसतो, हे तुम्ही पाहिलं असेल. सूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून असं होतं. पातळ रंगही तसाच वागतो. वाळलेल्या गडद थरावर फिकट, अपारदर्शक रंग कोरड्या ब्रशनं हलकासा ओढला की तो निळसर, थंड दिसतो, पॅलेटवर निळा नसला तरी. याला स्कंबलिंग म्हणतात. उलट, उजळ वाळलेल्या थरावर पारदर्शक गडद रंग तेलात पातळ करून पसरला की तो उबदार होतो, कारण उजेड थरातून आत जातो, खालच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो. हे ग्लेझिंग. दूरचं धुकं स्कंबलिंगनं, सांजउजेड ग्लेझिंगनं. इनेस हे दोन्ही एकाच चित्रात आलटून पालटून करी, मध्येच फडक्यानं रंग पुसून खालचा थर उघडा करी, आणि पूर्ण झालेल्या चित्रावरही पुन्हा रंग चढवी.

व्हिसलरची रीत निराळी. लंडनमध्ये थेम्सच्या काठी रात्री हिंडायचं, ग्रीव्ह्ज बंधू त्याला होडीतून फिरवत. टॉमस वे या मुद्रकमित्रानं लिहून ठेवलंय की व्हिसलर देखावा निरखायचा, मग त्याकडे पाठ फिरवून कुठे काय आहे ते पाठ म्हणून दाखवायचा. चित्र दुसऱ्या दिवशी स्टुडिओत, आठवणीतून. म्हणूनच त्यात बिनकामाचं काही उरत नाही. रंग तो इतका पातळ करी की त्याला स्वतःच ‘सॉस’ म्हणे. ओघळू नये म्हणून कॅनव्हास आडवा ठेवायचा. जमलं नाही तर सगळं खरवडून पुन्हा सुरुवात. या चित्रांना तो ‘नॉक्टर्न’ म्हणत असे. त्यातल्या ‘द फॉलिंग रॉकेट’ला जॉन रस्किन या समीक्षकानं लोकांच्या तोंडावर रंगाचा डबा फेकणं म्हटलं, तेव्हा व्हिसलरनं बदनामीचा खटला भरला. तो १८७८ मध्ये चालला. दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता का, असं कोर्टात विचारल्यावर त्यानं सांगितलं की ही किंमत आयुष्यभर मिळवलेल्या ज्ञानाची आहे. खटला तो जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं.

पण मला या घराण्यातलं सर्वांत जवळचं नाव ऑस्ट्रेलियातलं आहे, क्लॅरिस बेकेट (१८८७–१९३५). तिचे शिक्षक मॅक्स मेल्ड्रम शिकवायचे की आधी टोन, मग आकारांचं प्रमाण, रंग शेवटी. मेलबर्नच्या बोमॅरिस उपनगरात ती आजारी आई-वडिलांची सेवा करत राहिली. घरी स्टुडिओ नव्हता, दिवसा सवड नव्हती. म्हणून ती पहाटे आणि संध्याकाळी चाकांचा गाडा ढकलत बाहेर पडे आणि तिथेच चित्र पुरं करी. विषय पाहा: ओला डांबरी रस्ता, तारांचे खांब, धुक्यातून येणारी मोटार. एका खांबाला ब्रशचा एक फटकारा, मोटारीच्या दिव्याला एक ठिपका. तरी रस्ता ओला आहे हे लगेच कळतं, कारण खांबाचं प्रतिबिंब खांबापेक्षा अर्ध्या पायरीनं फिकं ठेवलंय. एवढंच. वादळात समुद्र रंगवताना तिला थंडी बाधली आणि न्यूमोनियानं ती गेली. नंतर तिची सुमारे दोन हजार चित्रं खेड्यातल्या एका उघड्या शेडमध्ये पडून होती. १९७० च्या आसपास ती रोझलिंड हॉलिनरेक यांना सापडली, तोवर बहुतेक पावसापाण्यानं आणि पॉसम या प्राण्यांनी संपवली होती. टोनलिझम म्हणजे जुन्या खेड्यांची हळहळ, असं म्हणणाऱ्यांना मी बेकेटचे तारांचे खांब दाखवतो.

करून पाहायचं असेल तर रंग विकत घेण्याआधी मोबाइल बंद करून त्याची काळी काच आरशासारखी धरा आणि पाठीमागचं दृश्य तिच्यात बघा. तपशील गळतात, मोठे आकार आणि त्यांच्या छटा उरतात. अठराव्या शतकात चित्रकार आणि प्रवासी याच कामासाठी काळ्या काचेचा आरसा जवळ बाळगत. त्यात दिसतं ते फक्त तीन छटांत, तळहाताएवढ्या कागदावर उतरवा. ते जमू लागलं की कॅनव्हासवर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ हात द्या, तो वाळू द्या, आणि आख्खं चित्र आधी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढऱ्यातच पुरं करा. ग्लेझिंग त्यानंतर. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा देऊ नका, आणि वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त असू द्या. अल्बर्ट पिंकहॅम रायडर या अमेरिकी चित्रकारानं हे पाळलं नाही. त्याची चित्रं आज इतकी तडकली आणि काळवंडली आहेत की मूळ छटा कुठल्या होत्या हे ठरवणंही अवघड झालंय.