मुलगी दुसरीत आहे, 42 − 17 सारखी वजाबाकी अडते. आम्ही दोघंही दिवसभर वावरात असतो. घरी काय करता येईल?

वही चार दिवस बाजूला ठेवा. धुऱ्यावरच्या तुराट्या आणा, बोटाएवढे तुकडे करा आणि दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधा. मोजायचं आणि बांधायचं काम पोरीलाच द्या.

आता 42 म्हणजे चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या. त्यातून 17 काढायच्यात. दोनातून सात कशा जातील? इथे तुम्ही गप्प बसा. वेळ लागू द्या, जुडी सोडायची हे तिलाच सुचलं पाहिजे. सोडली की सुट्या बारा, जुड्या तीन. सात सुट्या काढल्या, एक जुडी काढली, उरल्या 25. मग तेच वहीत मांडू द्या. शाळेतही 'दशक सुटा करून' हेच शिकवतात, त्यामुळे गोंधळ होत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं पुरे. तुम्हाला लिहिता येत नसेल तरी अडत नाही. 'कसं काढलंस ते सांग बरं' एवढंच विचारा. (दुसरीच्या पोरीला शिकवणी लावू नका, हे माझं मत.)

बाजाराच्या दिवशी 35 रुपयांची भाजी घेऊन 50 ची नोट दिली, की परत किती येतील ते भाजीवाल्याच्या आधी तिला सांगू द्या.